दांडी नव्हे, पट्टी

फेब्रुवारीतल्या एका सकाळी नॉर्मन पर्व्हिस टोस्टला लोणी लावता लावता थांबला आणि सुरी त्याच्या हातातून गळून पडली. डोरीनला वाटलं, हा चेष्टा करतोय. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने असल्या चेष्टा पुष्कळ केल्या होत्या. पण मग तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं. उजवी बाजू ओघळली होती आणि डोळे घाबरले होते. त्याला घाबरलेलं तिने त्याआधी एकदाच पाहिलं होतं, मुलाच्या, कीथच्या जन्माच्या वेळी.

अर्धांगाचा झटका होता. मे उजाडेपर्यंत लुळा पडलेला उजवा पाय बराच सावरला. काठी टेकत तो जिना चढायला-उतरायला लागला. उजव्या हाताची बोटं मात्र मनासारखी वळेनात, आणि शब्द गेले ते गेलेच. डोक्यात सगळं शाबूत होतं. कोण आलं, कोण गेलं, चहात साखर जास्त पडली, सगळं त्याला कळायचं. सांगायला गेलं की जीभ अडायची. एकच वाक्य काय ते मागे राहिलं होतं, तेही खणखणीत आणि अस्खलित.

"पुढच्या आठवड्यात."

पंचेचाळीस वर्षं स्कॉटलंडच्या सीमेवरच्या बेरिक गावातली गिऱ्हाइकं त्याला विचारत आली होती, नॉर्मन, आमचं काम कधी करतोस? आणि पंचेचाळीस वर्षं त्याने हेच उत्तर दिलं होतं. बहुधा ते इतकं खोल रुतलं होतं की त्या दुखण्यालासुद्धा उपटता आलं नाही. आता डोरीनने विचारलं, चहा हवा का, की तो म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात," आणि कपासाठी हात पुढे करायचा. पहिल्या महिन्यात ती यावर न्हाणीघरात जाऊन रडली. दुसऱ्या महिन्यात दोघंही यावर हसले.

दर मंगळवारी बेथन नावाची वेल्सकडची एक मुलगी त्याला बोलायला शिकवायला यायची. गोड मुलगी, पिशवीत चित्रांचे पत्ते घेऊन. कप, कुत्रा, घड्याळ, बदक. ती बदक दाखवायची आणि आशेने बघत राहायची. नॉर्मन ते चित्र तिच्या हातातून अदबीने घ्यायचा आणि टेबलावर पालथं घालायचा. मग पुढचं. हरलेला माणूस पानं टाकतो तशी त्याने एका मंगळवारी सगळी गड्डी पालथी घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

बेथन स्वयंपाकघरात आली. तिने डोरीनला समजावलं की शब्द मेलेले नाहीत, नॉर्मनना ते सापडत नाहीत इतकंच. पहिलं अक्षर सुचवलं की कधीकधी उरलेला शब्द आपोआप येतो. पण शब्द त्यांच्या जिव्हाळ्याचा हवा.

"बदकाशी त्यांचं काय देणंघेणं?" ती म्हणाली. "आयुष्यभर काय केलं त्यांनी?"

"खिडक्या," डोरीन म्हणाली. "वरखाली सरकणाऱ्या, लाकडाच्या. गावातल्या निम्म्या खिडक्यांना त्याचा हात लागलाय."

"मग झालं तर. खिडकीच्या एकेका भागाचं नाव घ्या त्यांच्यासमोर. काय काय असतं खिडकीत?"

डोरीनने तोंड उघडलं. "काच," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "लाकूड."

आणि पुढे तिला काहीच येईना.

त्या रात्रीपर्यंत ही गोष्ट तिला सलत राहिली. बावीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, दोनशे पोरांचं जेवण रांधत होती. तिथली मुख्य आचारीण कशी खवट होती, कस्टर्ड कुणी करपवलं, हे सगळं नॉर्मनने रोज संध्याकाळी ऐकून घेतलं होतं. तो मात्र कानात भुसा घेऊन घरी यायचा आणि ती म्हणायची, आधी बाहेर जाऊन झटक. त्याचं भांडण कुणाशी आहे हे तिला ठाऊक असायचं. तो दिवसभर करतो काय, हे तिने कधी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या निजायच्या खोलीतली खिडकी अकरा वर्षं उघडलेली नव्हती. एका बाजूची दोरी तुटली होती, मग कधीतरी रंग लावताना फटीच बुजून गेल्या. याबद्दल तिने किती वेळा भुणभुण केली असेल आणि काय उत्तर मिळालं असेल, हे सांगायला नको.

जूनमध्ये उकाडा झाला. बेरिकच्या मानाने तर फारच. वरच्या खोलीत नॉर्मन दुपारी घामाने भिजून पडायचा. न्यूकासलहून कीथचा फोन आला. तो मनाने चांगला मुलगा, पण कुठलीही अडचण फोनवरच निकालात काढायची त्याला सवय. म्हणाला, "आई, त्या जुन्या खिडक्या काढून टाकू. प्लास्टिकच्या बसवू. बाबांना निदान वारा तरी लागेल." डोरीन नको म्हणेपर्यंत त्याने माप घ्यायला माणूस ठरवूनही टाकला होता.

माणूस आला, तरुण आणि हसतमुख. रस्त्यावर उभा राहून त्याने तळमजल्याची खिडकी न्याहाळली. सगळ्यात खालच्या जाड फळीवर, जिच्यावरून पावसाचं पाणी वाहून जातं, तिथे रंगाचे पोपडे सुटले होते. "हे बघा बाई," तो म्हणाला, "पार कुजलंय."

डोरीन मान डोलावणारच होती. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. नॉर्मन दारातून बाहेर आला, सरळ त्या पोराच्या समोर उभा राहिला आणि त्याच्या खिशातला पेचकस डाव्या हाताने उपसून घेतला. पोरगा दोन पावलं मागे सरकला. नॉर्मनने पेचकस उगारला आणि फळीवर हाणला. टणकन आवाज झाला. पेचकस उसळून रस्त्यावर पडला. लाकडावर टाचणीएवढी खूण उमटली.

"ओक," नॉर्मन म्हणाला.

दुखण्यानंतरचा त्याचा हा पहिला नवा शब्द होता. त्याने हाक मारली असती तरी तिला इतका आनंद झाला नसता, असं त्या वेळी तिला वाटलं.

पोरगा भला होता. वाकून त्याने फळीवर बोट फिरवलं, म्हणाला, खरंच, ओकचं टणक लाकूड आहे, अजून शंभर वर्षं जाईल. मग टेप गुंडाळून, नॉर्मनशी हस्तांदोलन करून तो निघून गेला. डोरीनने कीथला फोन करून सांगितलं की खिडक्या राहणार. त्याने विचारलं, मग उघडणार कोण? ती म्हणाली, "मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नॉर्मनला वर पलंगाच्या कडेला बसवलं, मागच्या शेडमधून त्याची हत्यारांची पेटी आणली आणि बाह्या सरसावल्या. एवढं तिलाही दिसत होतं की खिडकीला दोन झडपा आहेत, आतली खालची आणि बाहेरची वरची. आतली झडप पुढे पडू नये म्हणून कडेने एक बारीक गोलसर लाकूड ठोकलेलं आहे. तेच आधी काढायचं असणार. तिने पटाशी घेतली आणि कोपऱ्यात खुपसली.

नॉर्मनने तिच्या मनगटावर चापट मारली.

"मग कुठून?" ती चिडून म्हणाली.

त्याने बोट दाखवलं. मधून. आधी रंगाची शिवण सुरीने कापायची, मग लाकडाच्या बरोबर मध्यावर पटाशी घालून ते हळूहळू बाहेर वाकवायचं, म्हणजे दोन्ही टोकं आपसूक सुटतात. कोपऱ्यातून गेलं तर मोडतं. हे सगळं त्याने दोन बोटं आणि भुवया वापरून सांगितलं. पण त्याला नाव सांगायचं होतं. ओठ मिटायचा, उघडायचा, "प... प..." करायचा आणि शेवटी कपाळावर हात मारून म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात." डोरीनला पहिलं अक्षर मिळालं होतं, पण उरलेला शब्द तिलाच ठाऊक नव्हता. पाण्यात बुडणाऱ्याला दोरी टाकायची आणि दोरी आपल्याच हातात नसावी, तसं तिला झालं.

गावात हे शब्द जाणणारा आता एकच माणूस उरला होता, एडविन रेंटन. नदीपलीकडे ट्वीडमाउथला राहायचा. तोही सुतार. नॉर्मनच्या लग्नात नाचला होता. पण बावीस वर्षांपूर्वी नॉर्मनने त्याचा एक रंधा उसना नेला आणि परत आला तेव्हा त्याच्या पात्याला खांड पडलेली होती. खांड आधीपासूनच होती, असं नॉर्मनचं म्हणणं. तेव्हापासून दोघं समोरासमोर आले तर एक जण नदीकडे बघायचा आणि दुसरा आभाळाकडे.

डोरीनने रविवारी एक जवाचा पाव भाजला, फडक्यात गुंडाळला आणि जुन्या पुलावरून चालत गेली. एडविनने दार उघडलं. आधी तिच्याकडे बघितलं, मग पावाकडे.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "अजिबात बोलत नाही म्हणे."

"एक वाक्य बोलतो."

"कुठलं?"

तिने सांगितलं. एडविन हसला, मग हसता हसता त्याने तोंड फिरवलं आणि बराच वेळ पाव कुठे ठेवावा ते शोधत राहिला.

तिने येण्याचं कारण सांगितलं. तो एक पुठ्ठ्याचं खोकं फाडून घेऊन आला, सुताराच्या चपट्या पेन्सिलीने त्याच्यावर खिडकी काढली आणि एकेक भाग दाखवत नावं लिहीत गेला. आतल्या झडपेला अडवणारं ते कडेचं गोलसर लाकूड, ती दांडी; डोरीनला नॉर्मनचा 'प' आठवला, पण सुताराला जास्त कळतं असं तिने धरलं. दोन्ही कडांना पोकळ खांब असतात, ती पेटी. पेटीत लोखंडाची ओतीव वजनं लोंबकळतात, प्रत्येक झडपेला दोन. झडप जेवढी जड, तेवढीच वजनं जड, म्हणून ती एका बोटाने उचलते आणि सोडली तिथे थांबते. दोरी कप्पीवरून जाते. खालच्या अंगाला पेटीत हात घालता यावा म्हणून एक छोटं झाकण असतं, त्याला म्हणायचं खिसा. वरच्या झडपेच्या उभ्या पट्ट्या खाली थोड्या लोंबतात, ती शिंगं. दोन झडपा मध्ये जिथे एकमेकींना लागतात, ती भेटीची पट्टी. आणि त्यांनी एकमेकींना घासू नये म्हणून दोघींच्या मधून जी उभी जाते, ती फारकतीची पट्टी.

डोरीन ऐकतच राहिली. "तुम्ही पुरुष दिवसभर हे असले शब्द बोलत होता?"

"दुसरं काय बोलणार?" एडविन म्हणाला.

निघताना त्याने सुती दोरीचं एक भेंडोळं तिच्या हातात दिलं. त्यासोबत दोऱ्याला बांधलेला शिशाचा एक वाकडा तुकडाही. त्याला उंदीर म्हणतात, तो म्हणाला. कप्पीवरून आधी उंदीर सोडायचा, तो पेटीत खाली उतरतो, मग त्याच्या शेपटीला दोरी बांधून ओढायची. ही दोरी माझ्याकडून आहे हे नॉर्मनला सांगू नकोस, असंही त्याने बजावलं. डोरीन पुलावरून परत येताना ती सगळी नावं मोठ्याने पाठ करत आली. खाली नदीत हंस होते. समोरून येणाऱ्या एका बाईने तिची बडबड ऐकून पुलाची दुसरी कड धरली.

सोमवारी सकाळी तिने पुठ्ठा पाठीमागे लपवला आणि त्या कडेच्या गोलसर लाकडावर बोट ठेवलं. "नॉर्मन," ती म्हणाली, "ही दांडी. द... दांडी."

चहात कुणी थुंकलं असावं तसा नॉर्मनचा चेहरा झाला.

"पट्टी," तो म्हणाला.

"काय?"

"पट्टी!" त्याने काठी जमिनीवर आपटली. "दांडी... दांडी नव्हे. पट्टी."

डोरीनला आधी काही उमगेना. मग तिच्या ध्यानात आलं. एडविनने सुतारकामाची उमेदवारी केली होती सीमेपलीकडे, स्कॉटलंडात. तिकडचे सुतार काही भागांना वेगळी नावं देतात. बेरिकमध्ये हे भांडण खिडक्यांइतकंच जुनं होतं. नॉर्मनच्या कानांना त्यातला एक शब्द बोचला, आणि चार महिने चाचपडून न सापडलेला त्याचा स्वतःचा शब्द रागाच्या भरात तीरासारखा बाहेर आला.

"कोण... कोण..." नॉर्मन विचारत होता. कुणी शिकवलं तुला हे?

खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. "एडविन रेंटनने."

नॉर्मनने डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि अगदी स्पष्ट म्हणाला, "गाढव."

डोरीन पलंगावर बसून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नॉर्मन आधी गोंधळला, मग तोही हसला, तोंडाच्या डाव्या बाजूने.

त्या दिवसापासून तिला गुरुकिल्ली सापडली. बरोबर शब्द सांगून सुचवण्यापेक्षा चुकीचा सांगायचा. कप्पीला ती चाक म्हणाली, पेटीला कपाट, शिंगांना कान. प्रत्येक वेळी तो लाल व्हायचा, काठी आपटायचा आणि बरोबर शब्द बाहेर यायचा. कधी लगेच, कधी दुपारचं जेवण झाल्यावर. एकदा ती खाली बटाटे सोलत असताना वरून ओरडण्याचा आवाज आला, "खिसा!" सकाळी त्या झाकणाला ती खिडकीची खिडकी म्हणाली होती, त्याचं हे उत्तर. बेथनला तिने ही युक्ती सांगितली. बेथन हसली आणि म्हणाली की हे कुठल्याही पुस्तकात नाही, पण चालू द्या.

कामही पुढे सरकत होतं. पट्टी निघाली. आतली झडप सुटली. एका बाजूची जुनी दोरी अजून तगून होती. नॉर्मनने बोटांनी कात्री करून दाखवली. डोरीनने दोरी कापली, आणि पेटीच्या आत सुटलेलं वजन असं काही धाडकन आदळलं की शेजारची मंडळी काय झालं म्हणून दारात आली. ते सांगायचं नॉर्मनने मुद्दाम टाळलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून तो खुशीने गुडघ्यावर थाप मारत राहिला. हा तिचा जुना नॉर्मन.

झडप उतरवून ती पलंगावर आडवी ठेवली तेव्हा एक दुखणं दिसलं. खालच्या आडव्या पट्टीचा डावा कोपरा बाहेरच्या अंगाने मऊ झाला होता. नॉर्मनने त्यात नख खुपसलं, मान हलवली आणि दोन बोटांचं अंतर दाखवलं. एवढंच. एवढं कापायचं आणि तेवढंच नवीन लाकूड बसवायचं. पण कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची जीभ, तासून सांधा जमवणं डोरीनच्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि त्याचा उजवा हात अजून पेन्सिलही धरत नव्हता. तो त्या हाताकडे बघत राहिला. डोरीनने झडपेवर चादर टाकली आणि म्हणाली, बघू नंतर, आधी दोऱ्या तर घालू.

उंदीर कप्पीवरून सोडला, खिशातून दोरा ओढला, मागोमाग दोरी आली. आता ती वजनाच्या भोकात ओवून गाठ मारायची. गाठ साधी दिसते, पण आठाच्या आकड्यासारखी वळवून मागे घ्यावी लागते. नॉर्मनच्या उजव्या हाताला ते जमेना. डोरीनला कळेना. शेवटी ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. डावा हात त्याचा, उजवा तिचा. एकाने पीळ धरायचा, दुसऱ्याने टोक ओढायचं. दहा वेळा गाठ घसरली. दोघांची डोकी एकमेकांना लागली. तिच्या लक्षात आलं, इतक्या जवळून त्याचा हात तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. अंगठ्याच्या बुडाशी पटाशीचा जुना व्रण होता. हा कधी झाला, असं तिने विचारलं. त्याने सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि त्याने हात उलटा करून तिला नीट बघू दिला. अकराव्या वेळी गाठ बसली.

आणि याच दिवसांत तिच्या मनात एक दुखरी जागा तयार होत गेली. कप्पी आली, वजन आलं, शिंगं आली, भेटीची पट्टी आली. तिचं नाव येईना. तिला हाक मारायची झाली की तो काठी वाजवायचा. जवळ असली की खांद्याला स्पर्श करायचा. "ड..." इथवर जायचा आणि अडायचा. तिने ती युक्तीही करून पाहिली. एका सकाळी चहा देताना म्हणाली, "गुड मॉर्निंग, मी म्युरिअल." म्युरिअल म्हणजे शेजारीण, तिचं तोंडही त्याला बघवत नसे. तो चिडावा अशी तिची अपेक्षा होती. त्याने डोकं हलवलं, नाही नाही म्हणाला, ओठ जुळवले, कपाळावरची शीर ताठ झाली. काही आलं नाही. मग त्याचेच डोळे भरून आले आणि तिला स्वतःची लाज वाटली. तो खेळ तिने पुन्हा कधी केला नाही. स्वयंपाकघरात उभी राहून तिने स्वतःला बजावलं की बाई, लाकडाचा मत्सर करण्याचं तुझं वय नाही.

कोपऱ्याचं काम अडून राहिलं होतं. गुरुवारी डोरीन पुन्हा पूल ओलांडून गेली. या वेळी पाव नेला नाही. एडविनने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मला घरात घेईल तो?"

"तुला गाढव म्हणाला."

"स्पष्ट?"

"अगदी स्पष्ट."

"मग येतो," एडविन म्हणाला.

शनिवारी दुपारी तो आला. हातात करवत, बगलेत जुन्या पाइन लाकडाचा तुकडा. वर गेला. डोरीन चहाच्या निमित्ताने खालीच थांबली, पण किटलीखाली गॅस पेटवलाच नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून ती ऐकत होती. मग एडविनचा आवाज आला.

"त्या पात्याला खांड आधी नव्हती, नॉर्मन."

"होती," नॉर्मन म्हणाला.

"नव्हती."

"होती."

बावीस वर्षांचं भांडण चार शब्दांत आटोपलं, कारण नॉर्मनकडे त्याहून जास्त शब्द नव्हते. थोड्या वेळाने करवतीचा आवाज सुरू झाला.

तासाभराने ती चहा घेऊन वर गेली तेव्हा कोपरा बसला होता. सांधा इतका नेमका की नख फिरवूनही कळू नये. नॉर्मनने त्यावर तीनदा बोट फिरवलं आणि हीच त्याची पावती होती. एडविन गुडघे टेकून खिशातून पेटीत डोकावत होता. त्याने वजन हातात घेऊन दोरीची गाठ उलटसुलट पाहिली. मग काचेकडे वळला. एक काच डोरीनने स्वतः बसवली होती, जुनीच, जरा लाटा असलेली, आणि जवसाच्या तेलात मळलेली लांबी, काच पक्की करणारा तो लगदा, भरून कडा अंगठ्याने ओढली होती.

"ही गाठ कुणी मारली?" एडविनने विचारलं. "आणि ही लांबी? तुझा हात तर चालत नाही."

नॉर्मन ताठ बसला. गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहून बोलायचा तसा, गळा साफ करून म्हणाला, "मिसेस पर्व्हिस."

डोरीनने हातातल्या बशा खाली ठेवल्या. हे तो बाहेरच्यांपुढे म्हणायचा, मिसेस पर्व्हिसना विचारून सांगतो, मिसेस पर्व्हिसना रंग आवडायला हवा. घरात कधी नाही. अठ्ठेचाळीस वर्षांनी आपल्याच निजायच्या खोलीत आपण मिसेस पर्व्हिस झालो, हे ऐकून तिला हसू आलं. पण त्याच्या आवाजात जो अभिमान होता, तो तिने ओळखला. चांगलं काम करणाऱ्या माणसाचं नाव सांगताना तो असाच बोलायचा. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने चहा ओतला. थोडा बशीत सांडला.

"मिसेस पर्व्हिस," एडविनही तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "काम चोख आहे."

मग तिघांनी मिळून झडप चढवली. सरकायच्या खाचेत मेणबत्ती घासली. पट्टी ठोकली, दोन्ही टोकं आधी बसवून मध्य शेवटी. डोरीनने एक बोट खाली घातलं आणि खिडकी आवाज न करता वर गेली. अकरा वर्षांनी त्या खोलीत नदीवरचा वारा आला, चिखलाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास घेऊन. तिने बोट काढलं. झडप होती तिथेच थांबली.

एडविन गेल्यावर ती दोघं खिडकीपाशी बसली. तिला एक गोष्ट विचारायची होती. इतक्या दिवसांत ती मनात घोळत होती. खालची फळी तेवढी ओकची आणि बाकी सगळी खिडकी पाइनची, असं का? बाकी सगळं ओकचंच का करत नाहीत?

नॉर्मनने तिच्याकडे बघितलं. ती हा प्रश्न कधी विचारेल असं त्याला वाटलं नसावं. त्याला उत्तर द्यायला अर्धा तास लागला आणि सगळे मिळून सातआठ शब्द. "पाणी," तो म्हणाला आणि फळीवर हात आपटला. पाणी तिथे थांबतं, म्हणून तिथे ओक. मग झडपेवर हात ठेवला, "हलकं," आणि तळहात सरळ करून दाखवला, वाकत नाही, पीळ घेत नाही. मग बोटाने लाकडावरच्या रेषा मोजल्या, एकमेकींना चिकटून असलेल्या. "थंडी." थंडीत झाड सावकाश वाढतं, रेषा दाट होतात. आणि मग त्याने हात लांब करून बंदराकडे, समुद्राकडे, त्याच्याही पलीकडे दाखवलं आणि थोडं चाचपडून म्हणाला, "रिगा." समुद्रापलीकडच्या त्या बंदरातून हे पाइन जहाजांनी यायचं. डोरीनने मध्ये एकदाही शब्द सुचवला नाही. तिला घाई नव्हती. स्वयंपाकघरात खिमा आणि बटाटे निवत होते, ते निवू दिले.

शब्द नंतरही येत राहिले, सगळे नाही आले. हिवाळ्यापर्यंत बेथनने मोजले तेव्हा दोनशेच्या पुढे गेले होते आणि त्यातले निम्मे लाकडाचे होते. एडविन दर गुरुवारी यायचा आणि दोघं होती-नव्हती करत राहायचे. कीथ सुट्टीत आला तेव्हा त्याने वरची खिडकी सात वेळा उघडून मिटून पाहिली आणि आईकडे नवीनच नजरेने बघत राहिला. एव्हाना डोरीनने तळमजल्याच्या खिडकीला हात घातला होता.

आणि तिचं नाव? तेही आलं. पण नेमकं कधी, हे तिला सांगता येत नाही. तिने महिनोन्महिने कान देऊन वाट पाहिली होती. नाताळच्या आसपास कधीतरी तिच्या ध्यानात आलं की नॉर्मन चष्म्यासाठी, चहासाठी, किल्ल्यांसाठी तिला रोज नावाने हाका मारतोय, आणि आपण "आले, आले" म्हणतोय. पहिली हाक कुठली, ती निसटूनच गेली. त्या दिवशी ती बहुधा खालच्या खिडकीच्या काचा बसवण्यात गुंतली असावी, आणि दोन्ही हात लांबीने भरलेले असल्यामुळे तिने नुसतंच म्हटलं असावं, काय रे, काय हवंय?